लांडगा, व्हँपायर आणि सोमवारची नोकरी: पुढे वाचू की सोडू?

चौथी_सीट
मंगळवार, रात्री १०:४०

मंडळी, आधी कबुलीजबाब. गेली तीन वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी आणि परत, मी एकाच प्रकारची पुस्तकं वाचतेय. शहर आजचं, मोबाइल, गाड्यांचे हप्ते, घरभाडं सगळं आपल्यासारखं. फक्त पलीकडच्या घरातला माणूस पौर्णिमेला माणूस राहत नाही आणि नायिकेचं मन नेमकं त्याच्यावरच जातं. अर्बन फँटसी, वरून पॅरानॉर्मल रोमान्सची फोडणी. नवऱ्याला वाटतं मी बँकेच्या प्रमोशनच्या परीक्षेचं वाचतेय. वाटू दे.

सुरुवात फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवर झाली. ढिगातून ८० रुपयांना शार्लेन हॅरिसचं ‘डेड अन्टिल डार्क’ उचललं, ते केवळ पातळ होतं आणि पर्समध्ये मावत होतं म्हणून. पुस्तक २००१चं. लुइझियानातल्या एका आडगावात सूकी स्टॅकहाउस नावाची मुलगी बारमध्ये वेट्रेस आहे. तिला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं, आणि नको असलं तरी येतंच. गिऱ्हाईक तोंडाने बिअर मागतं आणि मनात तिच्याबद्दल काय बोलतं तेही हिच्या कानावर पडतं. कुणा मुलाबरोबर फिरायला जायची सोय नाही, कारण तो गोड बोलत असताना डोक्यात काय शिजतंय ते हिला कळतच असतं. मग एका रात्री बिल नावाचा व्हँपायर येऊन टेबलाशी बसतो. आणि त्याच्या डोक्यातून काही म्हणजे काही ऐकू येत नाही. चिडीचूप.

हे वाचत होते तेव्हा मी चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली. शेजारची मटार सोलत होती, समोरच्या दोघी एकमेकींच्या जावांवर घसरल्या होत्या, दारात उतरणारी-चढणारीचं भांडण, कुणाच्या तरी फोनवर मोठ्याने मालिका. आणि मला लख्ख कळलं, सूकीला बिल का आवडला. त्याचं देखणेपण गेलं खड्ड्यात, त्याच्याजवळ बसलं की बाईला शांतता मिळते! प्रेमात पडायचं इतकं पटणारं कारण मला दुसऱ्या कादंबरीत अजून सापडलेलं नाही.

पुढे तो एरिक येतो. हजार वर्षांचा व्हायकिंग, श्रीव्हपोर्टला व्हँपायरांचा बार चालवणारा. तो सूकीला भेट काय देतो? तिच्या घराकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर नवी खडी टाकून देतो. वेट्रेसच्या पगारात ती वाट दुरुस्त होत नाहीये हे आपल्याला आधीच माहीत असतं, म्हणून ती खडी वाचताना मला हिऱ्याच्या अंगठीपेक्षा जास्त गहिवरून आलं. आमच्या चाळीसमोरचा रस्ता आठवला असेल, कोण जाणे.

मग पॅट्रिशिया ब्रिग्जची मर्सी थॉम्पसन. ‘मून कॉल्ड’, २००६. मर्सी फोक्सवॅगन दुरुस्त करते. स्वतःचं गॅरेज, नखांत कायमचं ग्रीस. ती हवं तेव्हा कोयोट होऊ शकते, म्हणजे तिकडचं कोल्ह्याहून मोठं नि लांडग्याहून लहान असं जनावर. कुंपणापलीकडे ॲडम राहतो, लांडग्यांच्या कळपाचा म्होरक्या. अतिशय टापटिपीचा माणूस, घर-अंगण चकाचक. म्हणून ही आपल्या आवारात एक भंगार रॅबिट गाडी त्याच्या खिडकीतून बरोबर दिसेल अशी उभी करते. तो फार शिरजोर झाला की त्या गाडीची चाकं काढते. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून तीन वर्षं पत्रव्यवहार चालू आहे, त्यापेक्षा हे बरं. या ॲडमने सगळ्या कळपासमोर मर्सीला आपली जोडीदार जाहीर केलेलं असतं. हेतू चांगला, की तिला कुणी हात लावू नये. पण तिला सांगितलेलंच नसतं! म्हणजे बोलणी झाली, सुपारी फुटली, आणि मुलीलाच पत्ता नाही. ती त्याबद्दल त्याला जे सुनावते ते मुळातूनच वाचा.

मुखपृष्ठांचं काय करायचं ते मात्र मला सुटलेलं नाही. चित्रात मर्सीच्या दोन्ही हातांवर गोंदण. पुस्तकात तिच्या अंगावर मोजून एक, पोटावर पंजाचा ठसा. लोकलमध्ये मी वर्तमानपत्राचं कव्हर घालते. फोनवर वाचायला लागल्यापासून सुटले.

आता अडचण. लॉरेल हॅमिल्टनची अनिता ब्लेक. पहिलं ‘गिल्टी प्लेझर्स’ १९९३चं, म्हणजे या सगळ्या गोतावळ्यातली थोरली आत्या. गाव सेंट लुइस. व्हँपायरांना कायद्याने हक्क मिळालेत आणि अनिताचा धंदा मेलेल्यांना उठवण्याचा, तोही रीतसर कंपनीत नोकरी करून. मृत्युपत्रावरून वाद झाला की माणसं तिला कबरीपाशी नेतात, ती कोंबडी कापते, मढं उठतं आणि काय ते सांगतं. फार जुनं मढं असेल तर कोंबडीवर भागत नाही, बकरा लागतो. (आपल्याकडे ही बाई आली तर नुसत्या सातबाऱ्याच्या भांडणांवर वर्षाचं बुकिंग होईल.) पोलिसही तिला बोलावतात. पहिली नऊ पुस्तकं मी गरम भज्यांसारखी संपवली. दहावं ‘नार्सिसस इन चेन्स’, २००१चं. त्यात तिच्या अंगात अशी एक शक्ती शिरते की तिला ठरावीक वेळाने शेजेची भूक लागते आणि ती भागवावीच लागते. मी काही सोवळ्यातली नाही. प्रणय आवडतो म्हणूनच या गल्लीत आले. पण पानांमागून पानं जातात, पुरुष वाढत जातात, कोण कुणावर रुसलं त्याची बैठक संपत नाही, आणि मी आपली वाट बघतेय: बाई, तुझी कोंबडी कुठे गेली? कामावर कधी जाणार?

माझा अंदाज असा आहे की या प्रकारातली प्रेमकथा नायिकेच्या नोकरीवर उभी असते. सूकीला संध्याकाळची पाळी असते, मर्सीला उद्या दुपारपर्यंत कुणाची तरी गाडी तयार करून द्यायची असते. तिला वेळ नसतो, तिला झोप हवी असते, म्हणून तो दारात येऊन उभा राहिला की काहीतरी घडतं. नोकरी सुटली की मग नुसते उसासे.

तर प्रश्न दोन. अनिता पुढे वाचू का? आणि जिथे नायिका शेवटपर्यंत कामावर जाते अशी मालिका सांगा. लांब असली तर उत्तम, रोजचा जाऊन-येऊन तीन तासांचा प्रवास आहे.

रिकामटेकडा_सदाशिव
मंगळवार, रात्री ११:१५

अनिता सोडा. मी बायकोच्या कपाटातून नववं चोरून वाचलं, तिथेच थांबलो, सुखी आहे.

मूळ शंका वेगळीच आहे. या पुस्तकांतले सगळे नायक गुरगुरतात का? मी दोन-तीन चाळली. कुणीही ‘म्हणाला’ नाही. ‘तो गुरगुरला’, ‘तो घशातून गुरगुरला’. चहा हवा का विचारलं तरी गुरगुरतो. आमच्याकडे मी असं केलं तर घशाच्या डॉक्टरकडे पाठवतील.

आणि ते ‘विधिलिखित जोडीदार’ प्रकरण. वास घेतला आणि कळलं, हीच ती! म्हणजे छत्तीसपैकी छत्तीस गुण, तेही पत्रिका न उघडता. ज्या प्रथेपासून आमच्या पिढीने मुश्किलीने सुटका करून घेतली, ती अमेरिकेतून केस वाढवून परत आलीये.

जिम बुचरचा शिकागोतला जादूगार वाचा. २०००पासून चालू आहे, त्याचं भाडं कायम थकलेलं असतं, म्हणजे तुमची नोकरीची अटही पुरी होते. आणि आपल्याकडे एवढी भुतं पडलीत, मुंजा, हडळ, खवीस, त्यांच्यावर कुणी असं का लिहीत नाही, हेही कुणीतरी सांगा.

कोलंबियाकाठ
बुधवार, सकाळी ८:०५

ताई, मर्सीचं नाव वाचलं आणि गप्प बसवेना. मी सहा वर्षं रिचलंडला राहतोय. केनेविक, पास्को आणि रिचलंड मिळून आमची ट्राय-सिटीज, आणि मर्सीचं सगळं इथेच घडतं. मी कादंबऱ्या वाचणारा माणूस नव्हे. बायकोने हातात दिली, ‘आपल्या गावची आहे’ म्हणून.

वॉशिंग्टन राज्य म्हटलं की लोकांना सिएटलचा पाऊस आणि धुक्यातले वृक्ष दिसतात. आम्ही कॅस्केड्स डोंगरांच्या पलीकडे आहोत. वर्षाला जेमतेम सात-आठ इंच पाऊस. महाबळेश्वरला कोसळतो आणि माण-खटावला पोचत नाही, तोच हिशेब. उघडे बोडके डोंगर, झुडपांचा उग्र वास, आणि वारा सुटला की वाळलेल्या काट्यांचे गोळे गडगडत येऊन कुंपणाला अडकतात. मागच्या शरदात माझं गॅरेजचं दार त्यांनी बाहेरून गच्च लावून टाकलं होतं. कामाला जायच्या आधी पाऊण तास दाताळ्याने ओढत होतो.

लेखिकेने असं रखरखीत, बिनचेहऱ्याचं गाव का निवडलं असेल याचा मी विचार केलाय. इथे जवळच हॅनफर्ड आहे. १९४३मध्ये सरकारने जमिनी घेऊन तिथे प्लुटोनियमचा कारखाना काढला. नागासाकीच्या बाँबमधलं प्लुटोनियम तिथलं. हजारो माणसं रोज कामावर जात होती आणि त्यातल्या बहुतेकांना आपण काय बनवतोय हे ऑगस्ट १९४५पर्यंत माहीत नव्हतं. शेजाऱ्याला ‘काय काम करता’ विचारायचं नाही, ही इथली जुनी रीत. रिचलंडच्या शाळेच्या संघाचं नाव ‘बॉम्बर्स’ आहे आणि चिन्ह म्हणजे अणुस्फोटाचा ढग. आता सांगा, अशा गावात शेजारचा माणूस लांडगा निघाला तर कोण चौकशी करणार?

‘रिव्हर मार्क्ड’ हे २०११चं पुस्तक वाचलंत का? हनिमूनला गेलेल्या दोघांच्या नशिबी कोलंबिया नदीतला राक्षस येतो. ते वाचल्यापासून पास्कोहून केनेविकला केबल ब्रिजवरून येताना मी एकदा तरी खाली पाण्याकडे बघतो. बायको हसते.

मृण्मयी_वाचते
बुधवार, दुपारी २:३०

चौथी_सीट, तुमची नोकरीची फूटपट्टी आवडली, पण गफलत थोडी दुकानाची आहे. पॅरानॉर्मल रोमान्सच्या फळीवरच्या पुस्तकात जोडी जमली की पुस्तक संपतं, पुढच्या पुस्तकात त्याच जगातली नवी जोडी. अर्बन फँटसीत तीच नायिका दहा-बारा पुस्तकं स्वतःच्या तोंडून गोष्ट सांगते आणि प्रेम मागच्या चुलीवर मंद शिजत असतं. अनिता दुसऱ्या दुकानातून निघून पहिल्या दुकानाच्याही पलीकडे गेली. परत येईल या आशेवर मी आणखी चार वाचली. तुम्ही नका.

पहिल्या प्रकारातलं एखादं हवंच असेल तर नलिनी सिंग वाचा. जन्म फिजीचा, वाढली न्यूझीलंडमध्ये. ‘स्लेव्ह टू सेन्सेशन’, २००६. नायिका भावना दाबून टाकलेल्या जमातीतली, नायक बिबट्यांच्या टोळीचा प्रमुख. आणि दोघं भेटतात कशामुळे? घरबांधणीच्या प्रकल्पावरून! चक्क बिल्डरांची बैठक. तुम्ही बँकेतल्या, तुम्हाला ते करारमदार आवडतील.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र केट डॅनियल्स. इलोना अँड्र्यूज हे नाव एका नवरा-बायकोचं मिळून आहे, दोघं एकत्र लिहितात. पहिलं ‘मॅजिक बाइट्स’ २००७, दहावं आणि शेवटचं २०१८. गाव ॲटलांटा. जादूची लाट आली की वीज, मोटारी, बंदुका सगळं ठप्प. लाट ओसरली की जादू ठप्प. लोडशेडिंग समजा, पण वेळापत्रक न लावलेलं. उंच इमारतींना ती जादू कुरतडून खाते, त्यामुळे जुन्या टॉवरांचे नुसते खुंट उरलेत. केट भाडोत्री तलवारवाली आहे, आणि पाचव्या पुस्तकात स्वतःची एजन्सी उघडते. सुरुवातीला तिथे गिऱ्हाईक फिरकत नाही. नायकाला पहिल्यांदा भेटते तेव्हा तो सिंह अंधारात दबा धरून बसलाय आणि ही त्याला मांजरीला बोलावतात तसं बोलावते.

एक गंभीर गोष्ट. मर्सीचं तिसरं, ‘आयर्न किस्ड’, अजून वाचलं नसेल तर आधीच सांगते. शेवटाकडे तिच्यावर बलात्कार होतो. डब्यात गर्दीत उभं राहून ती पानं वाचू नका. पण पुढचं ‘बोन क्रॉस्ड’ लगेच हातात ठेवा. ते काही झालंच नाही असं समजून पुढे जात नाही. तिचा मध्येच श्वास कोंडतो, हातपाय गार पडतात, आणि ॲडमला कसं वागावं कळत नाही. या विषयावर गंभीर म्हणवणाऱ्या कादंबऱ्यांतही मला इतकी सबुरी क्वचित दिसलीये.

चौथी_सीट
बुधवार, रात्री १०:५५

सगळ्यांचे आभार. अनिताला आज रजा दिली.

मृण्मयी, ‘आयर्न किस्ड’ वाचलंय. ठाण्याला उतरून बाकावर बसले होते, दोन गाड्या सोडल्या. तुमच्यासारखं आधी सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. जास्त लिहीत नाही.

कोलंबियाकाठ, त्या काट्यांच्या गोळ्यांचं तुम्ही लिहिलंत ते आता माझ्या डोक्यातल्या मर्सीच्या गॅरेजसमोर कायमचं अडकलं. ‘काय काम करता विचारायचं नाही’ हे वाचून मी ‘मून कॉल्ड’ परत उघडलं.

रिकामटेकडा, गुरगुरण्याचं मान्य. मी एकदा मोजायला घेतलं होतं, कल्याण येईपर्यंत हाताची बोटं संपली. भुतांचं म्हणाल तर मुंजा म्हणजे मुंज झालेला पोरगा हो, त्याला कुठल्या बाईचा नायक करता? माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं. तिथे आरवलीला वेतोबा आहे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला मोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. केळीचे घड देतात. लहानपणी मी त्या वहाणांचे तळवे बघायला धडपडायचे. रात्रपाळी, गावाची जबाबदारी, झिजलेली पादत्राणं: या प्रकाराला लागतं ते सगळं तिथे आहे. पण त्याच्या वाट्याला लव्हस्टोरी घालायची माझी छाती नाही. आई घरात घेणार नाही.

रिकामटेकडा_सदाशिव
बुधवार, रात्री ११:१०

वहाणांचं माहीत नव्हतं. हे लिहाच. लव्हस्टोरी वगळून लिहा.

चौथी_सीट
तीन आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री ९:५०

अपडेट. केटची चार झाली. मृण्मयी, तुमच्या तोंडात साखर.

दुसऱ्या पुस्तकात, ‘मॅजिक बर्न्स’मध्ये, ती जखमी होऊन पडलेली असते आणि तो सिंह, करन, तिला सूप भरवतो. ती निमूट पिते, कारण भूक लागलीये. तिला नंतर कळतं की त्या रूप बदलणाऱ्या लोकांत खायला घालणं म्हणजे मागणी घालणं. आणि ती संतापते! मी मात्र पहिल्या चमच्यालाच ओळखलं होतं. लग्नाच्या पंगतीत आमच्या त्यांना घास भरवायचा होता, वर उखाणा, आणि दोन्हीकडची तीसेक माणसं ताटं सोडून टक लावून बसलेली. जिलबीचा पाक माझ्या शालूवर. घास कधी नुसता घास नसतो हे अमेरिकन बाईला दुसऱ्या पुस्तकात कळतं, आपल्याला बोहल्यावरून उतरताच.

सूकीची तेराही संपवली. शेवटचं पुस्तक २०१३चं. (ज्यांना शेवट कळायला नको त्यांनी इथे थांबा.) ती शेवटी सॅमबरोबर राहते, बारचा मालक, आकार बदलणारा, बहुधा कुत्रा होणारा. जगभरच्या एरिकवाल्या बायका खवळल्या होत्या म्हणे. मी नाही. एरिकला ज्याने व्हँपायर केलं त्याने मरण्यापूर्वीच त्याचं ओक्लाहोमाच्या राणीशी स्थळ ठरवून ठेवलेलं, हजार वर्षांचा घोडा झाला तरी सुटका नाही. आणि सॅम बरा की. बारमध्ये तिचा पैसा लागलाय, दोघं भागीदार आहेत, दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचंय. एरिकची खडी मात्र मी विसरणार नाही.

आज परतीच्या गाडीत ती मटारवाली पुन्हा शेजारी. आज तुरीच्या शेंगा होत्या. म्हणाली, रोज काय वाचता एवढं, हसता मध्येच. मी लाजत लाजत मर्सीची गोष्ट सांगितली. शेजारी राहतो, लांडगा होतो, सगळं. तिने शेंगा सोलायचं थांबवून नीट ऐकून घेतलं.

“लांडगा होतो ते कळलं,” ती म्हणाली, “पण नोकरी काय करतो?”

म्हटलं, स्वतःची सिक्युरिटी कंपनी आहे.

“मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि मूठभर शेंगा माझ्या ओढणीत टाकल्या, सोलायला.